चार जिल्ह्यांचं एक न्यायकेंद्र आणि मामाची ऋण पुस्तिका
(लश्कर, ग्वाल्हेर इथल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माइक नको मला, मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय जरा जड छापलाय, "सामायिक न्यायकेंद्र" वगैरे, पण मी आपला साधा ग्वाल्हेरी वकील, कोर्टात बोलतो तसंच बोलणार, मध्ये हिंदी घुसेल, सांभाळून घ्या.

2021 च्या जुलै अखेर भिंडच्या जेलची भिंत पडली होती, आठवतंय? जुनाट बिल्डिंग, त्यात पावसाळा, 22 बंदी जखमी झाले, बाकीच्यांना आपल्या बहोडापूरच्या सेंट्रल जेलमध्ये हलवलं. तेव्हा मलाही वाटलं होतं की भिंड, मुरैना, दतिया, ग्वाल्हेर मिळून एकच मोठं नवं जेल बांधून टाका, कटकट संपेल. आता नाही वाटत तसं.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाने हेच केलं ना. 1985 मध्ये कायदा करून प्राधिकरण काढलं, 55 काउंट्यांची, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांची, जुनी जेलं बंद करत 10 मोठी जेलं उभी केली, आणि माणशी रोजाचं बिल काउंटीला. काही वर्षांत तीही खचाखच आणि गरीब काउंट्यांची बिलं थकलेली. आपल्याकडे ट्रेनला जनरलचा डबा जोडला की गर्दी कमी होते का, तोही भरतो, तसंच.

आपल्या देशात 2022 च्या शेवटी 4,36,266 जागांवर 5,73,220 माणसं होती, आणि दर चारातली तीन अंडरट्रायल, म्हणजे ज्यांची केस अजून चालूच आहे. यातल्या कित्येकांना जामीन मंजूर होतो आणि तरी ते आतच असतात, हे बाहेरच्याला पटतच नाही.

एक पोरगा होता, बाइक चोरीची केस. सोमवारी जामीन झाला. मामा भिंडकडच्या गावाहून ऋण पुस्तिका, म्हणजे जामीनदाराने दाखवायची जमिनीची वही, घेऊन आला, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, पहिलं पान सुटलेलं, बाबूने पानं उलटली आणि म्हणाला यावर आधीच एका जामिनाची नोंद आहे, ती केस संपल्याची नकल, म्हणजे कोर्टाची कॉपी, आणा. ती केस चार वर्षांपूर्वीच संपलेली! मामा परत गेला, तिकडचा बाबू सुट्टीवर, मग शनिवार रविवार, मग नकल आली तर इकडे साहेब ट्रेनिंगला, आणि शेवटी ऑर्डर जेलमध्ये पोचली तेव्हा संध्याकाळची गिनती, कैद्यांची मोजणी, होऊन गेली होती म्हणून आणखी एक रात्र. अकरा दिवस. 2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामिनाच्या ऑर्डरची कॉपी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलला पाठवा, चांगलंच आहे, पण ऑर्डर ईमेलने येते आणि मामा बसने येतो.

आणि हे आजचं नाही हो. 1978 चा मोतीराम खटला आपल्याच मध्य प्रदेशातला, गवंडी माणूस, दहा हजारांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी तेव्हाच झापलं होतं. किल्ल्यावर आपला दाताबंदी छोड गुरुद्वारा आहे, गुरू हरगोविंदांनी अंगरख्याला 52 टोकं शिवून घेतली आणि 52 राजे एकेक टोक धरून किल्ल्यावरच्या कैदेतून बाहेर पडले अशी कथा सांगतात. जामीनदार असावा तर असा, त्यांची पुस्तिका कोणी तपासली नाही.

तर माझं म्हणणं, केंद्र चार जिल्ह्यांचं करा पण त्यात कोठड्या नकोत. एक मॅजिस्ट्रेट, विधिक सेवावाले, म्हणजे गरिबांना फुकट वकील देणारे, जेलचा एक बाबू आणि चारही जिल्ह्यांचा जमिनीचा रेकॉर्ड बघू शकेल असा एक माणूस, एका छताखाली. खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा, आता मोबाईलवर दिसतो, मग मामाला भिंडला का पाठवायचं? न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या रेड हुकमध्ये 2000 साली एका जुन्या शाळेत असंच केंद्र सुरू झालं, तीन पोलीस ठाण्यांचा भाग, एकच जज, दिवाणी-फौजदारी-घरगुती सगळं त्याच्याकडेच.

दुसरं काम मोजणीचं. नव्या संहितेचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 479, पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर बॉंडवर सोडायचं, फाशी-जन्मठेपेची कलमं सोडून. अर्ज जेल अधीक्षकानेच कोर्टाला द्यायचा. पण एकाहून जास्त केसेस चालू असल्या तर हे लागू नाही, आता एक केस मुरैनात आणि एक इकडे असेल आणि त्यातली एक संपलेली असेल तर ते बघणार कोण, दोन्हीकडची फाइल एका टेबलावर कधी येतच नाही. शिवाय जामिनाला पैसे नसले तर 2023 पासून केंद्र सरकारची योजना आहे, गरीब कैद्यासाठी ठरावीक रकमेपर्यंत पैसे मिळतात, पण योजनेच्या समितीसमोर प्रकरण मांडायला कोणीतरी लागतं ना.

बिल्डिंग होईल तेव्हा होईल, सुरुवात एका टेबलावर होते. विधिक सेवा प्राधिकरण पॅरालीगल व्हॉलंटियर घेतं, वकील असायची गरज नाही, ऋण पुस्तिका वाचता आली पाहिजे. मला दोन रिटायर पटवारी, म्हणजे तलाठी, हवेत. एक तर समोरच बसलेत, तिसऱ्या ओळीत, पंख्याखाली, जरा उठवा त्यांना.