वाकड्या लाकडाची पकड

(सांगलीत तरुण सुतारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून काय ते समजा. पाणी ओसरलं आणि माझ्या दुकानात खुर्च्यांची रीघ लागली. कुणाच्या आजोबांची आरामखुर्ची, कुणाच्या लग्नातली, एक तर नुसती पाठ आणि दोन हात, बाकीची नदीनं नेली. सगळ्यांचं दुखणं एकच. लाकूड शाबूत आणि सांधे सुटलेले. साधा पांढरा फेव्हिकॉल दिवसेंदिवस पाण्यात राहिला की मऊ पडतो. सागवान त्या मानानं पुष्कळ सोसतं.

सरळ सांधे मी भराभर जोडून दिले. पाठीच्या कमानी मात्र अडून बसल्या. वाकड्या लाकडाचा सांधा चिकटवताना आवळून कसा धरायचा, हे आज सांगणार आहे, आणि ते सगळं त्या कमानींनी शिकवलेलं आहे.

पहिली कमान माझ्या हातून बिघडली. दोन तुकड्यांची, बरोबर मध्यावर सांधा. मी फेव्हिकॉल लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब क्लॅम्प, म्हणजे लाकूड आवळून धरणारा शिकंजा, घातला आणि आवळला. सकाळी बघतो तर सांध्याची आतली कड मिटलेली आणि बाहेरच्या अंगाला नख जाईल एवढी फट. कारण साधं आहे. क्लॅम्प ओढतो सरळ रेषेत, सांधा बसलाय त्या रेषेपासून चार बोटं वर. टोकं जवळ येतात तशी कमान आणखी वाकते आणि बाहेरून उघडते. जास्त आवळाल तर जास्त उघडेल. तेव्हा एवढं मनात पक्कं धरा: दाब सांध्यावर काटकोनात पडला पाहिजे आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना सारखा पडला पाहिजे. क्लॅम्प किती महागाचा आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग मी त्या कमानीला कान लावले. कान म्हणजे लाकडाचे छोटे ठोकळे. सांध्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. बाहेरच्या अंगाला जोडी, आतल्या अंगाला जोडी. ठोकळ्याची एक बाजू कमानीच्या गोलाईला घासून बसवायची, आणि क्लॅम्प जिथे टेकणार ती बाजू सांध्याला समांतर ठेवायची. ठोकळा चिकटवताना मधे वर्तमानपत्राचा एक कागद घालायचा. कान वाळले की खरा सांधा जोडायचा. दोन क्लॅम्प, एक आत, एक बाहेर, आणि दोघांना आळीपाळीनं अर्धा अर्धा आटा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या रेषेवर पटाशी धरून हलकी टिचकी मारली की कागद मधोमध फाटतो आणि ठोकळा हातात येतो. राहिलेला कागद ओल्या फडक्यानं भिजवून खरवडून काढा. मूळ पॉलिशवर मात्र हे करू नका, पॉलिश ठोकळ्याबरोबर उचकटून येतं.

आता पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली कमान. इथे बहुतेक सगळे एकाच ठिकाणी फसतात. जाड फळीतून बँडसॉनं गोलाई कापली, आतला आणि बाहेरचा असे साच्याचे, म्हणजे फर्म्याचे, दोन भाग झाले, पट्ट्या मधे घालून दाबल्या. दिसायला बरोबर आहे. पण आतल्या फर्म्याची त्रिज्या ३०० मिलिमीटर असेल आणि ३ मिलिमीटरच्या ७ पट्ट्या घातल्या, तर बाहेरची त्रिज्या होते ३२१. तुमचा बाहेरचा तुकडा आहे ३०० चाच. तो दोन टोकांवर टेकतो आणि मधे पोकळी राहते. म्हणून आतला फर्मा कापला की कोरड्या पट्ट्या त्यावर वाकवून धरा, वरच्या पट्टीच्या कडेनं पेन्सिल फिरवा आणि बाहेरचा तुकडा त्या रेषेवर कापा. दोन्ही फर्म्यांना खाकी टेप मारा, नाहीतर फर्मा आणि कमान एकच होऊन बसतील. आणि पट्ट्यांच्या कमानीला पांढरा फेव्हिकॉल नको. ताणाखाली तो हळूहळू सरकतो, कमान उलगडते. तिथे अ‍ॅराल्डाइटच्या जातीचा, कडक होणारा चिकट वापरा.

फर्मा करायला वेळ नसेल तर पंक्चरच्या दुकानात जा. सायकलच्या जुन्या ट्यूबची इंचभर रुंद लांब पट्टी कापून आणा. ताणून गुंडाळत गेलं की प्रत्येक वेढा दाब वाढवतो, आणि फुगीर भागावर तो आपोआप काटकोनातच पडतो. गोलाईची त्रिज्या जितकी लहान तितका दाब जास्त. सपाट जागी जवळपास काहीच नाही, तिथे खाली अर्धगोल तुकडा सारायचा. खोलगट जागी ट्यूब नुसती वरून तरंगत जाते, तिथे खोलगा भरून वर फुगणारा ठोकळा हवा.

हे काही मी शोधलेलं नाही. मिरजेत जाऊन तंबोऱ्याचं काम बघा. भोपळ्यासारख्या वेड्यावाकड्या गोल वस्तूवर लाकडी तबली, म्हणजे वरची पातळ फळी, चिकटवायची, तिला कुठला क्लॅम्प लावणार? ती दोरीनं आवळून बांधतात, आणि दोरी जिथे सैल वाटेल तिथे खाली लाकडाची चिप सारतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांना मिळालं असं मी मानतो. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना बघितलीय कुणी? तापवलेली लोखंडी पट्टी गार होताना आक्रसते आणि अख्खं चाक एका वेळी आवळते. कडब्याच्या गाडीवर दोरात काठी घालून पीळ देतात, तेही तेच. आपल्या घरादारात हे सगळं आहे, सुताराच्या दुकानात तेवढं आलं नाही.

चिकट लावायच्या आधी एकदा सगळं कोरडं बांधून बघाच. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी दहा मिनिटांत फेव्हिकॉलवर साय धरते, तेव्हा ठोकळा शोधत बसायला वेळ नसतो. मी उन्हाळ्यात हे काम सकाळी सातला करतो आणि शेजारी एक माणूस उभा करतो.

मागच्या टेबलावर एक पाठ ठेवलीय, सांधा सुटलेली. ट्यूब आणि ठोकळे तिथेच आहेत. चला, दोघं जण पुढे या, आधी कोरडीच बांधू.