परतफेड दर तीन महिन्यांनी

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाचं ऑपरेशन निघालं की रक्तपेढीचा रस्ता सगळ्यांनाच सापडतो. आज बोलायचंय ते काही कारण नसताना, पुन्हा पुन्हा तिथे जाणाऱ्यांबद्दल.

ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांचं १९५१ साली, चौदाव्या वर्षी, छातीचं मोठं ऑपरेशन झालं. मुलगा वाचला तो अनोळखी माणसांच्या रक्तावर. आभार मानायचे तरी कुणाचे? त्यानं ठरवलं, अठरा पूर्ण झाली की आपणही द्यायचं. आणि १९५४ साली दिलं. सुईची भीती मात्र जन्मभर राहिली. सुई टोचताना ते कधी हाताकडे बघत नसत. छताकडे बघत, नर्सशी गप्पा मारत.

पुढे कळलं, त्यांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवात, अँटी-डी नावाची प्रतिपिंडं, म्हणजे शरीर परक्या गोष्टींविरुद्ध बनवतं ती प्रथिनं, भरपूर आहेत. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह, म्हणजे ए, बी, ओ पुढचं ते ‘निगेटिव्ह’, आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला, तर बाळंतपणात बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढच्या खेपेला तीच बाळाच्या लाल पेशी फोडतात. अँटी-डीचं इंजेक्शन वेळेवर दिलं की हे टळतं. ते इंजेक्शन अशाच दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. प्लाझ्मा घेताना यंत्र लाल पेशी परत शरीरात सोडतं, म्हणून काही आठवड्यांतच पुन्हा देता येतो. हॅरिसन देत राहिले. किती वेळा? ११७३ वेळा! त्यांतले फक्त दहा वेळा डाव्या हातातून. २०१८ साली, ८१व्या वर्षी, वयोमर्यादा आली म्हणून थांबले. सुमारे २४ लाख बाळांना त्याचा उपयोग झाला असा तिथला अंदाज आहे. खुद्द त्यांच्या मुलीलाही हे इंजेक्शन घ्यावं लागलं होतं. २०२५ साली ते गेले.

आपल्याकडेही निगेटिव्ह गटाच्या गरोदर बाईनं डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल विचारावंच: साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. गर्भपात झाला तरीही विचारा. आणि शाळेच्या ओळखपत्रावर छापलेल्या रक्तगटावर विसंबू नका, एकदा नीट तपासून घ्या.

आता तुमचं-आमचं. वय अठरा पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान साडेबारा. पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायकांनी चार महिन्यांनी. पुन्हा सांगते: पुरुष तीन, बायका चार. उपाशीपोटी किंवा जागरण करून गेलात तर चक्कर येते, म्हणून जेवून जा, आधी दोन पेले पाणी प्या. नंतर दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसा. उठून लगेच गाडीला किक मारू नका, त्या हातानं दिवसभर जड पिशवी उचलू नका.

आणि वाढदिवसाची ती भलीमोठी शिबिरं! एका दिवसात शेकडो पिशव्या, वर हेल्मेट भेट. मला हे अजिबात पटत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि त्या पाचच दिवस टिकतात. लाल पेशी फार तर ४२ दिवस. एकदम आलेलं रक्त वापरलं नाही तर मुदत संपून फेकावं लागतं. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा फ्रीज रिकामा. त्यापेक्षा जवळच्या रक्तपेढीत नाव आणि गट नोंदवा, आणि सांगा, कमी पडेल तेव्हा फोन करा, मे महिन्यात तर नक्की करा.