जाळण्यासाठी बांधलेलं जहाज

संध्याकाळचे साडेसात. आकाशात एक अग्निबाण सुटतो आणि लर्विकच्या रस्त्यांवरचे दिवे विझतात. क्षणभर मिट्ट काळोख. मग मशाली पेटू लागतात. एक, दहा, शंभर, बघता बघता हजाराच्या घरात.

(दृश्य: मशालींची रांग, वाऱ्यावर आडव्या झालेल्या ज्वाळा)

स्कॉटलंडच्या उत्तरेला, भर समुद्रात, शेटलंडची बेटं आहेत. त्यातलं मोठं गाव लर्विक. वस्ती साधारण 7,000. ऐन डिसेंबरात इथला दिवस 6 तासांचाही भरत नाही. अशा अंधारातून बाहेर पडता पडता, जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी, हे गाव सण करतं. त्याचं नाव अप हेली आ. वारा असो, पाऊस असो, बर्फ असो. हवामानामुळे तो पुढे ढकलायचा नाही, असा इथला दंडक आहे.

मिरवणुकीतली माणसं व्हायकिंगांच्या, म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या दर्यावर्दी लढवय्यांच्या वेशात असतात. त्यांची शिरस्त्राणं, परशू, ढाली पाहून वाटतं, ही हजार वर्षांची परंपरा असणार. नॉर्वेशी या बेटांचं नातं तेवढं जुनं आहेच. 1469मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली, ती पुन्हा सोडवली गेलीच नाहीत. सण मात्र अलीकडचा. एकोणिसाव्या शतकात इथली तरुण पोरं नाताळाच्या दिवसांत डांबराची पेटती पिंपं अरुंद गल्लीतून ओढत न्यायची. धिंगाणा फार वाढला, तेव्हा 1870च्या दशकात ते बंद करण्यात आलं. त्या उत्साहाला वाट मिळाली 1881च्या मशाल मिरवणुकीत. मिरवणुकीच्या शेवटी जाळायचं व्हायकिंग धाटणीचं जहाज आलं 1889मध्ये. म्हणून हा सण खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही. तुटलेलं नातं या लोकांनी आपल्या हातांनी पुन्हा जोडलंय, आणि दर वर्षी जोडतात.

(दृश्य: शेडमध्ये जहाजाचं काम)

हे हात पाहायचे तर जहाजाच्या शेडमध्ये यायला हवं. हिवाळा लागला की रोजची कामं उरकून माणसं इथं जमतात. फळ्या बसवायच्या, रंग द्यायचा, पुढे ड्रॅगनचं डोकं, मागे शेपूट. कुणालाही मजुरी नाही. शेजारीच मशाली तयार होतात. कुंपणाला लावतात तसला जाड लाकडी खांब, त्याच्या टोकाला गोणपाट घट्ट गुंडाळायचं आणि ते रॉकेलमध्ये मुरू द्यायचं. भिजलेली मशाल हातात घेतली की कळतं, ही खांद्यावर पेलत गावभर चालणं सोपं नाही.

सणाचा नायक म्हणजे गायझर यार्ल. गायझर म्हणजे सोंग घेतलेला माणूस, यार्ल म्हणजे सरदार. समितीवर निवड झाल्यापासून यार्ल होईपर्यंत साधारण 15 वर्षं जातात. त्या दिवशी तो नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या जुन्या, कथांमधल्या एखाद्या वीराचं नाव धारण करतो. त्याच्या पथकाचा पोशाख कसा असेल, हे तोपर्यंत गुपित. सकाळपासून हे पथक शाळांमध्ये, वृद्धाश्रमांत, रुग्णालयात जातं. ज्यांना रात्री बाहेर पडता येणार नाही, त्यांच्या दारी सण असा आपणहून चालत येतो.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. लर्विकच्या या मिरवणुकीत बायका आणि मुली नव्हत्या. पाहुण्यांचं खाणंपिणं, सभागृहांची व्यवस्था त्या सांभाळत आल्या, मशाल मात्र पुरुषांच्या हाती. शेटलंडच्या इतर गावांत अशीच अग्निपर्वं होतात, आणि तिथल्या एका पर्वाला 2015मध्येच स्त्री यार्ल लाभली होती. लर्विकनं दार उघडलं 2023मध्ये. फार उशीर केला, असंच मी म्हणेन.

(दृश्य: मैदान, मशालींचं वर्तुळ)

यार्ल जहाजातून खाली उतरतो. बिगूल वाजतं. चहूबाजूंनी मशाली आत पडतात. आधी शीड पेटतं, मग बाजूच्या फळ्या, शेवटी ड्रॅगनची मान कलते. कित्येक महिन्यांचं काम डोळ्यांदेखत जळतं, आणि ज्यांनी ते केलं तेच भोवती उभे राहून गातात.

बहुतेक कॅमेरे इथंच बंद होतात. माझ्या मते खरी रात्र इथून पुढे सुरू होते. चाळीसहून अधिक पथकं गावातल्या एकेका सभागृहात जातात, आपलं छोटं सोंग सादर करतात, यजमानांबरोबर नाचतात आणि पुढच्या दाराकडे निघतात. मटणाचं सूप हातात येतं. त्यातलं मांस मिठात मुरवून वाळवलेलं. पहाटेपर्यंत, किंबहुना सकाळी आठपर्यंत, हेच चालतं.

(दृश्य: रिकामा रस्ता, मैदानावरची राख)

बुधवारी गावाला सुट्टी. दुकानं बंद, रस्ते शांत. शेड रिकामी. पुढच्या वर्षीच्या यार्लचं पथक ठरलेलंच आहे. त्यातल्या बऱ्याच पुरुषांनी आता दाढी वाढवायला घेतली आहे.