चढणीची वाट

जूनमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाने जोर धरला की ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी येते, आणि त्या लोंढ्याच्या तोंडावर, पाण्याच्या उलट दिशेने, मासे चालू लागतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. काही भागांत या चढाईला वलगण असा शब्द आहे. त्या रात्री बत्ती आणि टोपली घेऊन शेताच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाती जो मासा लागतो, त्याचे पोट बहुधा गाभोळीने गच्च भरलेले असते. तो अंडी घालण्यासाठी निघालेला असतो. वर्षभर डोहात राहणाऱ्या या जीवाला उथळ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि पिल्लांसाठी नवे अन्न एकाच वेळी मिळते ते पावसाळ्याच्या सुरुवातीच्या या थोड्या दिवसांत. वाट खुली असावी लागते ती त्याच दिवसांत.

पुण्याच्या मुळा-मुठेपासून सुरुवात करू. विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वर्णन केलेल्या माशांपैकी बहुतेक तेव्हाच्या शास्त्राला नवे होते. त्याने अनेकांना बोलीतलीच नावे ठेवली, म्हणून खुद्री, कोलस, नुक्ता हे शब्द आजही लॅटिन नावांच्या शेजारी नांदत आहेत. नुक्ता म्हणजे आपला नकटाच असावा, कारण या माशाच्या नाकाडावर आडवी खोल खाच असते. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. मोठे खवले, जाड ओठ आणि प्रवाहात अंग रोखून धरण्याची ताकद ही त्याची ओळख.

या माशाची अंडी जवळून पाहण्यासारखी आहेत. ती पिवळसर, जड, जेमतेम काही मिलिमीटरची असतात आणि तरंगत न राहता तळाच्या वाळू-गोट्यांत जाऊन बसतात. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर पडतात, पण पोटाशी बलकाची पिशवी असल्यामुळे त्यांना पोहता येत नाही. ती गोट्यांच्या फटीत डोके खुपसून, शेपट्या हलवीत, काही दिवस दाटीवाटीने पडून राहतात. म्हणजे महसिराला केवळ पाणी पुरत नाही. त्याला धुतलेले गोटे लागतात आणि त्या गोट्यांमधून खेळते राहणारे पाणी लागते. फटीत गाळ बसला की अंडी गुदमरतात. गोटे धुण्याचे काम नदीचा पूर करतो.

आता मुठा नदी पाहा. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकातच बांधले गेले. त्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेत, मोसीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर अशी आणखी तीन धरणे आहेत. संगमाकडून उगमाकडे निघालेल्या माशाला आज पहिल्याच भिंतीपाशी थांबावे लागते, आणि वरच्या खोऱ्यात जे मासे उरले ते एकमेकांपासून तुटलेल्या तुकड्यांत राहतात. एखाद्या वर्षी अशा तुकड्यातील मासे मेले, तर खालून नवे मासे येऊन ती जागा भरून काढू शकत नाहीत.

भिंत ही या गोष्टीची अर्धी बाजू. भिंतीमागे पाणी थांबते, गाळ खाली बसतो, आणि गोट्यांच्या नदीचे चिखलाच्या तळ्यात रूपांतर होते. खोल जलाशयात वरचे पाणी उन्हाने तापते, तळाचे थंड आणि प्राणवायूला पारखे राहते. तेच पाणी तळाच्या दारातून सोडले तर खालच्या माशांना ऋतूचा अंदाजच येत नाही. संथ पाण्यात मरळीचे बरे चालते, कारण ती तोंड वर काढून हवा घेऊ शकते. त्याहून बरे चालते ते बाहेरून आलेल्या चिलापीचे. भीमेवरच्या उजनी जलाशयाकाठी भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग पाहिले म्हणजे कोणाचे राज्य आले ते कळते. त्या चिलापीवर आज कित्येक घरांच्या चुली पेटतात, त्यामुळे तिला नुसती शत्रू म्हणून मोकळे होता येत नाही.

मावळ-मुळशीत आणखी एक वेगळा प्रकार घडला. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांनी भीमेच्या खोऱ्यातील पाणी अडवून ते घाटाखाली सोडले: खोपोलीला १९१५ मध्ये, त्यानंतर भिवपुरीला आणि १९२७ मध्ये भिऱ्याला. पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेला वळले. तिकडे पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका यांना उन्हाळ्यातही पाणी मिळू लागले, आणि इकडे धरणाखालच्या पात्रातला प्रवाह रोडावला. मुळशीच्या धरणाविरुद्धचा १९२१ पासूनचा सत्याग्रह आपल्याला ठाऊक आहे. त्यात माशांची बाजू मांडणारा कोणी असण्याचे कारणही नव्हते.

त्याच मावळात, लोणावळ्याला वळवणच्या जलाशयाकाठी, पन्नास वर्षांहून अधिक काळ महसिराची कृत्रिम पैदास होत आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७१ मध्ये या माशाच्या प्रजननावर लिहिले आणि पुढे टाटांच्या केंद्रात हे तंत्र स्थिरावले. पिकलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी ताटात घ्यायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या हौदात ती उबवायची. नदी जे करीत असे ते येथे नळ करतो. हे काम मोठ्या चिकाटीचे आहे आणि त्याने या माशाला आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ही पिल्ले दूरदूरच्या नद्यांतही सोडली गेली. त्यांपैकी कावेरीत पन्नास किलोच्या वर वाढणारा तिचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महसीर होता. दख्खनचा महसीर तेथे फोफावला आणि कुबडाचा महसीर झपाट्याने घटत गेला. २०१८ मध्ये त्याची जात शास्त्रीयदृष्ट्या निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत नोंदला गेला. धरणावरचा इलाज एका नदीत औषध ठरला आणि दुसरीत अपथ्य.

माशांना भिंत ओलांडता यावी म्हणून पायऱ्यापायऱ्यांचे सोपान बांधता येतात. त्यांची घडण मुख्यतः उड्या मारणाऱ्या सॅमनसाठी झाली. आपल्याकडचे पुष्कळ मासे तळाला धरून चालतात आणि उडी मारीत नाहीत. गंगेवरचा फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. त्याआधी समुद्रातून येणारा पाला, म्हणजे बंगालचा इलिश, प्रयागपर्यंत आणि त्याच्याही वर चढत असे. माशांसाठी तेथे स्वतंत्र दारे होती, तरीही वरच्या गंगेतला पाला जवळजवळ संपला. आता बराकपूरच्या केंद्रीय मत्स्यसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाला आणून सोडतात.

या सगळ्यात आपल्या नद्यांवरचा सर्वात साधा अडथळा मागे राहून जातो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला अखंड भिंत नसते. नदीत दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात, खांबांना उभ्या खाचा असतात, आणि त्या खाचांत एकावर एक बरगे, म्हणजे लाकडी किंवा लोखंडी फळ्या, सरकवून पाणी अडवले जाते. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास बरगे बसवायचे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढायचे, अशी याची रीत आहे. पुरात बंधारा टिकावा, गाळ वाहून जावा, एवढाच त्यामागचा हिशेब होता. मासे कोणाच्या मनातही नव्हते. तरीही चढणीच्या ऐन दिवसांत हा बंधारा नुसत्या खांबांचा असतो आणि मासा त्यांच्यामधून वर जातो. सोपानापेक्षा ही व्यवस्था आम्हांला अधिक मोलाची वाटते.

अट एकच, बरगे वेळेवर निघावेत. पाऊस लांबेल या भीतीने शेतकरी थांबतात, कारण बरगे काढले आणि पाऊस आला नाही तर उसाचे पाणी तुटते. कधी गाळात रुतलेला बरगा निघतच नाही, तळाचे दोन-तीन तसेच राहतात, आणि हातभर उंचीची ती आडकाठी तळाने चालणाऱ्या माशाला पुरेशी होते. जूनच्या सुरुवातीला अशा बंधाऱ्यावर गेलात तर काठावर काढून रचलेल्या बरग्यांचा ढीग दिसतो, गंजलेला, शेवाळ वाळून चिकटलेला. खाली खांबांच्या खाचा रिकाम्या असतात आणि त्यांच्या पायाशी, गढूळ पाणी यायच्या आधीच, काही मासे वरच्या दिशेला तोंड करून उभे असतात.