वहीतले अकराशे शब्द

मागे बसलेत त्यांना ऐकू येतंय ना? बरं. मग एका वहीपासूनच सुरुवात करतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने परवा मला तिची वही दाखवली, दोनशे पानी, मधोमध रेघ मारलेली, डावीकडे निळ्या पेनाने इंग्रजी शब्द आणि उजवीकडे लाल पेनाने मराठी अर्थ, अकराशेच्या वर शब्द, सगळे पहाटे उठून पाठ केलेले. म्हटलं यातला कुठलाही एक घे आणि वाक्य कर. तिने रिलक्टंट घेतला. अर्थ लिहिला होता नाखूष, आणि वाक्य केलं, 'आय वॉज रिलक्टंट बिकॉज आय गॉट लो मार्क्स'.

आता मला सांगा, यात तिचं काय चुकलं? नाखूष म्हणजे आपल्याकडे नाराज पण होतं आणि राजी नसलेला पण होतं. रिलक्टंट मात्र फक्त राजी नसलेला. मार्क कमी पडले म्हणून कुणी रिलक्टंट होत नाही, एखादी गोष्ट करायला मन घेत नाही, पाय निघत नाही, हो-नाही हो-नाही चाललंय, तेव्हा तो शब्द येतो. वहीत बरोबर अर्थ लिहिला होता तिने, पण त्या एका शब्दात दोन अर्थ बसलेले होते आणि तिने चुकीचा उचलला. मेहनतीत काही कमी नव्हती हो. आणि मी स्वतः कितीतरी वर्षं पोरांना असेच रोज वीस शब्द पाठ करायला लावलेत, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून आज एवढं कळकळीने बोलतोय.

आपल्याकडे मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे टेबल, वॉटर, गो, कम हे आता सगळ्यांना येतं. अडकायला होतं ते मधल्या पायरीवर. मायकेल वेस्ट म्हणून एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते, ढाक्याला शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज चालवायचे, त्यांनी १९५३ मध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडणाऱ्या साधारण दोन हजार शब्दांची यादी छापली. ते दोन हजार आले की साध्या मजकुरातले ८० टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे होतात. ऐकायला भारी वाटतं, पण म्हणजे दर पाचवा शब्द अनोळखी, आणि नेमका अर्थ त्याच शब्दात असतो! मग २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कॉलेजच्या पुस्तकांत सारखे येणारे शब्द काढले, ५७० शब्दकुळं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ. अझ्यूम त्यात आहे, इव्हेंच्युअली त्यात आहे, आपला रिलक्टंट पण त्याच यादीतला. सांगायचं काय, तर ही मधली पायरी अथांग समुद्र नाहीये, मोजता येते. अकराशे शब्द कुठूनही गोळा करण्यापेक्षा हे पाचशे-सहाशे नीट केले तरी पुष्कळ झालं.

नीट म्हणजे कसं? मराठीतच बघा ना. पाऊस मुसळधार असतो, भूक कडकडून लागते, ऊन रणरणतं, अंधार किर्र, थंडी कडाक्याची. सगळ्याचा अर्थ 'खूप' एवढाच, पण भूक मुसळधार लागली असं आपल्या घरातलं चार वर्षांचं पोरगंसुद्धा म्हणत नाही. त्याला कुणी यादी दिली होती का? त्याने ते शब्द जोडीनेच ऐकले. इंग्रजीतही तसंच, पाऊस हेवी असतो, चहा स्ट्राँग असतो, हेवी टी कुणी पीत नाही. म्हणून वहीत एकटा शब्द लिहूच नका, त्याची संगत लिहा. रिलक्टंटच्या पुढे 'टू' लागतो आणि टूच्या पुढे क्रियापद, रिलक्टंट टू गो, रिलक्टंट टू टेल. एवढं लिहिलं असतं तर मार्कांचं वाक्य झालंच नसतं.

अजून एक, आणि हे मला फार आवडतं. आपण शाळेत धातू आणि उपसर्ग शिकलो, एक हृ धातू, त्यातून आहार, विहार, प्रहार, संहार. इंग्रजीत लॅटिनमधून आलेला स्पेक्ट तसाच, त्याचा मूळ अर्थ बघणं. आत डोकावून बघितलं की इन्स्पेक्ट, पुढे बघितलं की प्रॉस्पेक्ट, मान खाली घालून चोरून बघितलं की सस्पेक्ट. आहार आणि संहार एका घरातले असून त्यांचे अर्थ जसे कुठल्या कुठे गेले तसं इथेही होतं, त्यामुळे नुसता उपसर्ग बघून अर्थ ठोकून देऊ नका, पण लक्षात ठेवायला खुंटी मिळते.

सगळ्यात जास्त फसवतात ते आपल्या घरात राहायला आलेले शब्द. 'सर, एक डाउट आहे' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला फक्त विचारायचं असतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातल्या साहेबाला मेल केला, आय डाउट युवर फिगर्स. त्याला म्हणायचं होतं की आकड्यांबद्दल थोडं विचारायचंय, समोरच्याने वाचलं की तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, आणि त्या एका शब्दापायी पोराला आठवडाभर खुलासे करत बसावं लागलं.

विसरण्याचं विचाराल तर ते होणारच. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग केले, बिनअर्थाची अक्षरं पाठ करायची आणि किती उरली ते मोजायचं, ते त्याने १८८५ मध्ये छापलं. पहिल्या काही तासांतच भराभर गळती होते, नंतर ती मंदावते. म्हणून एका पहाटे पन्नास वेळा घोकण्यापेक्षा उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने परत भेटायचं. त्यासाठी ॲप लागत नाही. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापा, कोऱ्या बाजूवर शब्द आणि तुमच्याच आयुष्यातलं एक वाक्य लिहा, मिठाईचे तीन रिकामे खोके घ्या. शब्द आला की पुढच्या खोक्यात, अडला की परत पहिल्यात. पहिला खोका रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने.

त्या मुलीने वही बाजूला ठेवून असे ऐंशीएक तुकडे केलेत. काल तिने एक दाखवला, मागच्या बाजूला अर्धवट कापलेला गणपती होता. पुढे लिहिलं होतं, 'माय ग्रँडमदर वॉज रिलक्टंट टू लीव्ह द व्हिलेज.' खाली मराठीत अर्थ नाहीच, फक्त एवढंच, आजी एसटीत बसेपर्यंत तीनदा परत घरात जाऊन आली.