गोळा अजून गोल आहे का?

(दृश्य: नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, अस्थिरोग ओपीडीबाहेरची रांग)

या रांगेत म्हाताऱ्यांच्या जोडीला पंचवीस-तिशीतली पोरंही दिसतात. कुणी गडचिरोलीचं, कुणी भंडाऱ्याचं. जांघेत कळ येते, मांडी घालून बसता येत नाही. एखाद्याच्या पिशवीत नुसता गुडघ्याचाच एक्स-रे निघतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं आणि खुबा तपासायचा राहूनच जातो.

विदर्भात अशा तरुण खुब्यामागे बरेचदा सिकलसेल हा रक्ताचा आजार असतो. विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा आतून मरू लागतो. स्टेरॉइडने, दारूनेही हे होतं. डॉक्टर त्याला एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, रक्त न पोचल्याने हाड मरणं) म्हणतात.

कुठलं ऑपरेशन चांगलं, हा प्रश्न नंतरचा. गोळा अजून गोल आहे का, ते आधी बघायचं. गोल असेल तर कोअर डिकम्प्रेशन. मांडीच्या बाजूने ड्रिल घालून मेलेल्या भागापर्यंत बोगदा पाडतात, आतला दाब उतरतो, नव्या रक्ताला वाट मिळते. स्वतःचा सांधा राहतो. पण हमखास यशाची हमी नाही, आणि काही आठवडे कुबड्या. ही अवस्था साध्या एक्स-रेत निसटते, एमआरआयच लागतो.

(दृश्य: लाइट बॉक्सवर एक्स-रे)

गोळ्याच्या कडेखाली ही चंद्रकोरीसारखी काळी रेघ. वरचं कवच खचायला लागलं. आता ड्रिलने फारसं साधत नाही. तरी सांधा बदलायच्या धास्तीने लोक तेच मागतात. पैसाही जातो, महिनेही.

मग पूर्ण सांधा बदलणं. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडात धातूचा गोळा नव्या जातीच्या पॉलिथिलीनच्या वाटीत बसवला. ढाचा आजही तोच. तरुणाला सिरॅमिकचा गोळा परवडला तर घ्यावा. पडून खुबा मोडलेल्या ऐंशीच्या आजीचं नुसता गोळा बदलूनही भागतं. धातूवर धातू घासणारे सांधे मात्र मागे पडले. त्यातला एक तर २०१० मध्ये कंपनीनेच जगभरातून परत घेतला.

सिकलसेलच्या रुग्णात हे काम अवघड. हाडाची नळी आतून दगडासारखी भरलेली असते, नव्या सांध्याचा रॉड त्यात बसवताना हाड तडकू शकतं. जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. रक्त, पाणी, ऑक्सिजन यांची तयारी आधीपासून लागते, म्हणून आजार भूलतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगायचा.

पंचविशीत बसवलेला सांधा पुढे कधीतरी पुन्हा बदलावा लागणार, हेही घरच्यांना आधीच माहीत हवं. उकिडवं बसायला बरेच सर्जन मनाई करतात. तेव्हा कमोडची सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा.