चाक वळत नाही? आधी लिंक सोडा

नमस्कार मंडळी. आज बोलूया रिमोटच्या गाडीच्या स्टिअरिंगबद्दल. वेगळा सर्व्हो (चाकं वळवणारी मोटरची छोटी डबी), वेगळा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) असलेली, स्क्रू काढून आतून उघडता येते ती गाडी. ती सरळ जात नाही, एका बाजूला ओढते, नाहीतर जागच्या जागी पुढची चाकं थरथरतात, आणि मग बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर नवा सर्व्हो मागवतात. थांबा जरा. आधी लिंक सोडा. सर्व्होवर फिरणाऱ्या छोट्या पट्टीपासून, म्हणजे आर्मपासून, चाकांकडे जाणारा तो बारीक दांडा असतो ना, तोच. तो सोडला की गाडीचे दोन भाग पडतात, एकीकडे वायरी आणि सर्व्हो, दुसरीकडे चाकं आणि सांधे, मग दुखणं कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं.

हे मी इतकं ठासून का सांगतोय त्यामागे एक गोष्ट आहे. माझा भाचा, तेव्हा बारा वर्षांचा, गाडी घेऊन आला, म्हणे मामा, ही ऐकतच नाही. डब्यावर ठेवून चाकं अधांतरी केली तर टकाटक डावी-उजवी, अगदी झकास. जमिनीवर सोडली की वळता वळेना, आणि उजवं वळण घेतलं की नंतर सरळ जाताना थोडी उजवीकडेच ओढायची, डावं घेतलं की डावीकडे. मी म्हटलं सर्व्होचा दम गेलाय. ताकदीने होता ६ किलोचा, बसवला १५ किलोचा. आणि ऐका हं, गाडी आणखी बिघडली! ताकद दुपटीहून जास्त आणि वळणं आधीपेक्षा ढिली. मग सर्व्हो सेव्हरची स्प्रिंग आवळली, ठोकर बसली की सर्व्होचे दात वाचावेत म्हणून असते ती, तीही ढिली पडली की असंच होतं, पण फरक शून्य. रिसीव्हरचे चॅनेल, म्हणजे वायरी लावायच्या जागा, अदलाबदल करून पाहिले, काही नाही. दोन संध्याकाळी गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी शेवटी लिंक सोडली. सर्व्हो एकटा मस्त फिरतोय, कुरकुर नाही. चाकं हाताने ढकलली तर लोण्यासारखी, कुठे अडत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजू ठणठणीत आणि जोडलं की गाडी आजारी! लिंक परत लावली, मी दोन्ही चाकं घट्ट धरली आणि भाच्याला म्हटलं दे आता स्टिअरिंग. तो जमिनीवर पोटावर पडून, डोळा गाडीच्या उंचीला लावून बघत होता, आणि एकदम ओरडला, "मामा, डबीच हलतेय!" खरंच, सर्व्हो अख्खाच्या अख्खा तिरका होत होता, नखाच्या जाडीइतका. सर्व्होचा कान ज्या प्लॅस्टिकच्या खुंटीला स्क्रूने बसवलेला असतो त्या खुंटीच्या बुडाशी केसाएवढी पांढुरकी रेघ होती, उजवीकडे वळवलं की उघडायची, सोडलं की मिटायची. वरून बघितलं तर दिसायचीच नाही. चाकं अधांतरी असताना जोर लागत नव्हता म्हणून सगळं छान, जमिनीवर जोर आला की सर्व्हो चाकाऐवजी स्वतःलाच ढकलायचा, आणि नव्या ताकदवान सर्व्होने ती भेग आणखी वाढवली. खुंटी बदलली आणि जुनाच सर्व्हो परत बसवला, तो अजून त्या गाडीत धावतोय. मुलांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्या असं मी सगळ्या आई-बाबांना सांगत असतो ते यासाठीच. मात्र चांगला द्या, टोक झिजलेल्या ड्रायव्हरने स्क्रूची डोकी गोल होतात आणि मग ते निघता निघत नाहीत.

तर परत सांगतो, आधी लिंक सोडा, मग चाकं धरून बघा. पण धरायची ती एक-दोन सेकंदच, जास्त धरलं तर सर्व्हो तापतो.

लिंक सोडल्यावर चाकं हाताने अडखळली तर सांध्यात माती, चाकाच्या बेअरिंगजवळ गुंडाळलेला केस किंवा दोरा, वाकलेली पिन, यातलं काहीतरी सापडतं. चाकं मोकळी पण सर्व्हो नुसता गरगरतो आणि आर्म जागचा हलत नाही, तर आतले दात गेले. शेवटच्या टोकाला गेल्यावर घुं करत राहिला तर रिमोटवर त्या टोकाची मर्यादा कमी करा, तो अडलेल्या जागेवर रेटतोय. आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावरच स्टिअरिंग मरत असेल तर बॅटरी आणि तिचे कनेक्टर बघा, व्होल्टेज खाली पडलं की रिसीव्हर क्षणभर बंद होतो.

ट्रिमबद्दल, म्हणजे रिमोटवर स्टिअरिंगचा मध्य थोडा सरकवायची सोय असते तिच्याबद्दल, मात्र माझं ठाम मत आहे. गाडी ओढते म्हणून लोक ट्रिमचं बटण पार टोकाला नेऊन ठेवतात, मग एका बाजूला वळायला जागाच उरत नाही. सर्व्होच्या ज्या फिरत्या टोकावर आर्म बसतो त्याला २५ दात असतील तर आर्म एक दात चुकला म्हणजे १४ अंशांहून जास्त फरक, तो ट्रिमने भरून काढायचा नसतो. आर्म काढा, चाकं जमिनीपासून उचलून ठेवा, आधी रिमोट चालू करा, मग गाडी. ट्रिम मधोमध आणा, सर्व्होला स्वतः मध्यावर येऊ द्या, मग आर्म लिंकशी काटकोनात बसवा, आणि उरलेला बारीकसा फरक लिंकची लांबी फिरवून काढा. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.

येतो मंडळी. नमस्कार.